मुलगा परत येतो तेव्हा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त २५ जानेवारी २०२५ रोजी सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपलेच सभासद आहेत. स्मरणिका सोसायटीबाहेरही जात असल्याने त्यांच्या इच्छेनुसार नाव छापलेले नाही. – संपादक मंडळ)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘दहावीनंतरच्या शिक्षणाच्या वाटा’ असा सांगितला होता. मी शिक्षक माणूस. भाषण तयारच होतं. रात्री जेवताना घरी हे बोललो, तर मुलगा म्हणाला, “पप्पा, त्या वाटा सगळ्यांना मोबाइलवर सापडतात. तुम्ही आपलं बोला ना.”

मी म्हटलं, “आपलं म्हणजे?”

तो म्हणाला, “म्हणजे माझं.”

दोन दिवस मी गप्प होतो. मग त्याला पुन्हा विचारलं, की तुला चालेल का? तो म्हणाला चालेल, पण दोन अटी. एक, माल कुठून आणला आणि कसा घेतला ते सांगायचं नाही, कारण पोरं तेवढंच लक्षात ठेवतात. आणि दुसरी, मला हिरो करायचं नाही. त्या दोन्ही अटी पाळून मी आज बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना यातलं थोडंथोडं माहीत आहे. जिन्यात, लिफ्टजवळ ते बोललंही गेलं आहे. तेव्हा एकदा सरळ, माइकवरूनच सांगितलेलं बरं.

गोष्ट २०१९ सालच्या जानेवारीतली. मुलगा अकरावीला होता, वय सोळा. दर वर्षी २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, शाळेत मुलांना शपथ द्यायचं काम माझ्याकडे असायचं. ‘मी कोणतेही व्यसन करणार नाही’ असं सहाशे मुलं माझ्यामागून म्हणायची. आणि माझ्या घरात, माझ्या शेजारच्या खोलीत, माझा मुलगा आठ महिन्यांपासून गांजा घेत होता आणि शेवटच्या दोन महिन्यांत झोपेच्या गोळ्याही. मला पत्ता नव्हता. त्याच्या आईला होता. म्हणजे संशय होता. कपाटातले पैसे कमी व्हायचे, कानातली एक रिंग सापडत नव्हती. तिने मला सांगितलं नाही, कारण मी मारीन याची तिला खात्री होती. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. कारण मला कळलं त्या रात्री मी पहिलं काम तेच केलं.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आम्ही जे जे केलं ते तुम्हाला सांगतो, कारण बहुतेक घरांत तेच होतं. मोबाइल काढून घेतला. खोलीची कडी काढून टाकली. मित्रांच्या घरी जाऊन त्यांच्या आईवडिलांशी भांडून आलो, ‘तुमच्या पोराने आमचं पोर बिघडवलं’ म्हणून. आणि तेही नेमकं तेच म्हणत होते. मोहटादेवीला नेऊन शपथ घ्यायला लावली. गावाकडे चुलत्यांनी गळ्यात माळ घातली. त्याने सगळं केलं. रडला, पाया पडला, शपथ घेतली. आणि पाचव्या दिवशी पुन्हा डोळे लाल.

तेव्हा मला वाटलं, हा खोटारडा आहे. आज कळतं की शपथ घेताना तो खरंच बोलत होता. सोमवारचं मन आणि शुक्रवारचं मन यांच्यात जे होतं तो आजार आहे. आपल्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे जो ‘थांब, उद्याचा विचार कर’ असं सांगतो, तो पुरता तयार व्हायला विशी ओलांडून पंचविशी जवळ यावी लागते. गाडीला इंजिन लागलेलं, ब्रेक अजून बसवायचे, असं ते वय. त्यात नशेने मेंदूतली आनंदाची सगळी घडी विस्कटलेली. खेळ, खाणं, गप्पा, यात मजाच उरत नाही. अशा पोराला आपण म्हणतो, ‘ठरव आणि सोड.’ ज्याने ठरवायचं तो भागच कच्चा आणि आजारी. मग एकट्याच्या ठरवण्यावर कसं भागणार?

माळेबद्दल एक सांगतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. आपल्या भागात माळ घालून दारू सुटलेली कितीतरी माणसं आहेत. मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील. पण त्यांच्या माळेमागे दिंडी असते. रोजचा हरिपाठ, एकादशी, बरोबर चालणारी चार माणसं, ‘माउली’ म्हणून हाक मारणारं कोणीतरी. आम्ही पोराला माळ दिली आणि दिंडी दिलीच नाही. त्याला खोलीत एकटं बसवलं.

त्याच दिवसांत त्याचे मामा घरी आले. ते म्हणाले, “याला राळेगणला न्या आणि अण्णांसारखं खांबाला बांधा.” हे वाक्य नगर जिल्ह्यात प्रत्येक दारुड्याच्या बाबतीत कोणीतरी म्हणतंच. आणि खरी गोष्ट आहे. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी एके काळी दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जायचं. अण्णा हजारे १९७५ साली लष्करातून गावी परतले, यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती केली, तरुण गोळा केले आणि दारूबंदी केली. न ऐकणाऱ्याला खांबाला बांधून फटके दिले, हे जगजाहीर आहे. त्याच्यावर टीकाही झाली.

मी राळेगणला शाळेच्या सहली नेल्या आहेत. मामा गेल्यावर मी विचार केला, आपण मुलांना तिथे काय दाखवतो? खांब दाखवत नाही. बंधारे दाखवतो, पाझर तलाव दाखवतो, शाळा दाखवतो. ज्यांच्या भट्ट्या बंद झाल्या त्यांच्या शेताला पाणी आलं, हाताला काम आलं. हिवरे बाजारचंही तेच. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांच्या पंचसूत्रीत नशाबंदी आहे, पण ती एकटी नाही. तिच्या शेजारी श्रमदान आहे, कुऱ्हाडबंदी आहे, चराईबंदी आहे, नसबंदी आहे. गावाने नुसती बाटली काढून घेतली नाही, तिच्या जागी दुसरं काहीतरी आणून ठेवलं. आपल्याला मात्र फक्त खांब लक्षात राहिला, कारण खांब सोपा असतो. पाणी अडवायला वर्षं लागतात. आणि तिसरी गोष्ट, तो खांब मोठ्या माणसांसाठी होता. माझं पोर सोळा वर्षांचं होतं.

मग आम्ही उपचाराच्या वाटेला लागलो. तिथेही आधी चुकलोच. कोणीतरी एका केंद्राचा नंबर दिला. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. तिथला माणूस फोनवर म्हणाला, “सर, पत्ता द्या, आमची पोरं येऊन उचलून नेतील. तीन महिने भेटायचं नाही, फोन करायचा नाही. सरळ करून देतो.” मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. कोणीतरी घेऊन जातंय, बस्स. त्याच्या आईने फोन हातातून घेतला आणि विचारलं, “तिथे डॉक्टर कोण आहेत? त्याच्या वयाची किती मुलं आहेत?” त्यांनी फोन ठेवून दिला.

पुढे मला कायदा कळला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं आणि पालक किंवा त्याचं जवळचं माणूस पूर्ण वेळ त्याच्यासोबत राहिलं पाहिजे. म्हणून जो म्हणतो ‘पोर सोडून जा आणि तोंड दाखवू नका’, त्याच्याकडे पोर द्यायचं नाही. बाकी काही विसरलात तरी एवढं घरी घेऊन जा.

आम्ही शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न गोळ्यांचा विचारला. आम्ही घरी त्या एकदम बंद केल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर अशा एकदम तोडायच्या नसतात. फिट येऊ शकते. दारूचंही तसंच असतं. आम्ही हळूहळू उतरवतो.” म्हणजे कडक वागण्याच्या नादात आम्ही त्याच्या जिवाशी खेळत होतो. त्यांनी मग पुण्याच्या एका केंद्रात पाठवलं. त्याची आई पूर्ण काळ त्याच्याबरोबर राहिली. मी इकडे शाळा आणि धाकटी लेक सांभाळत होतो आणि दर शनिवारी माळीवाड्यावरून एसटी पकडून पुण्याला जायचो.

पुण्याचं नाव निघालं की व्यसनमुक्तीत ‘मुक्तांगण’चं नाव येतं. तिची हकीकत आपल्या घराघरांत माहीत असायला हवी. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शहरांत पसरली तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्या मुलांमध्ये फिरून, त्यांच्याशी बोलून लेख लिहिले. ‘गर्द’ हे त्यांचं पुस्तक त्यातून आलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी आर्थिक पाठबळ दिलं आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्या रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिताताई १९९७ साली कॅन्सरने गेल्या, डॉक्टर अवचट २०२२ साली गेले. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम पुढे नेते आहे. तिथली दोन सूत्रं मला फार मोठी वाटतात. एक, मारहाण नाही, अपमान नाही. आणि दुसरं, जे स्वतः व्यसनातून बाहेर पडले त्यांतलेच कितीतरी जण तिथे कार्यकर्ते होतात. व्यसनी माणसाला जे भाषण माझ्यासारखा मास्तर देऊ शकत नाही, ते त्यातून गेलेला माणूस शेजारी बसून नुसता चहा पिऊन देतो. अमेरिकेत १९३५ साली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झाली तीही याच पायावर. आणि त्या माणसांच्या घरच्यांसाठी पुढे अल-अॅनॉन हे वेगळे गट निघाले. घरच्यांसाठी वेगळे का? कारण घरातला एक जण आजारी असतो तेव्हा बाकीचेही हळूहळू आजारी झालेले असतात.

हे मला माझ्या लेकीने शिकवलं. ती तेव्हा अकरा वर्षांची, सहावीला. आई पुण्याला, बाप सारखा फोनवर. तिचा वर्गात नंबर आला होता. तिने प्रगतिपुस्तक टेबलावर ठेवलं, मी बघतो म्हणालो आणि चार दिवस बघितलंच नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “पप्पा, माझ्याकडे लक्ष द्यायला मी पण आजारी पडू का?” एवढंच. मी त्या दिवशी शाळेतून रजा घेतली, तिला घेऊन भुईकोट किल्ल्यापर्यंत गेलो, भेळ खाल्ली. तेव्हापासून रविवारची संध्याकाळ तिची. त्या दोन तासांत भावाचा विषय काढायचा नाही असं ठरलं. ज्या घरात एक मूल असं अडकलेलं असेल, त्यांनी दुसऱ्या मुलाकडे बघा. ते शांत असतं म्हणून ते ठीक असतं असं नाही.

मुलगा घरी आला मार्चमध्ये. आणि इथून माझ्या विषयाला खरी सुरुवात होते. आपल्याला वाटतं, केंद्रातून आला म्हणजे काम झालं. केंद्रात फक्त नशा उतरते. सोडणं घरी आल्यावर सुरू होतं. झोप लागत नव्हती, भूक नव्हती, चिडचिड. एखाद्या साध्या प्रश्नावर भडकायचा. दिवसभर करायचं काय, हा मोठा प्रश्न. जुने मित्र नको म्हटलं, पण नवे कुठून आणायचे? अकरावीची परीक्षा गेलेली.

समुपदेशक ताईंनी आम्हाला घराचे नियम लिहायला लावले. कालनिर्णयच्या पाठीमागच्या कोऱ्या जागेत आम्ही चौघांनी बसून लिहिले. रात्री नऊला घरात. हातात रोख पैसे नाहीत, लागेल ते सोबत जाऊन आणायचं. डॉक्टर सांगतील तेव्हा लघवीची तपासणी, ती डॉक्टरांकडेच, घरात झडती नाही. नियम मोडला तर काय होईल ते आधीच लिहिलेलं, रागाच्या भरात ठरवायचं नाही. आणि एक नियम त्याने माझ्यासाठी लिहिला: पप्पांनी दिवसातून एकदाच विचारायचं. मी हसलो. पण तो नियम पाळायला मला सगळ्यात जास्त जड गेला. तो बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त थांबला तरी माझा हात दाराकडे जायचा.

दुसरी गोष्ट पांघरुणाची. त्याने एका ठिकाणी तीन हजार चारशे रुपये उधारी केली होती. तो माणूस मला रस्त्यात गाठायचा. आधी एकदा अब्रूखातर मी गुपचूप पैसे दिलेही होते. ताई म्हणाल्या, “सर, तुम्ही फेडलंत म्हणजे त्याचं खातं पुन्हा चालू झालं.” यावेळी मी दिले नाहीत. मी त्या माणसाला एवढंच म्हटलं, की अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्यानंतर तो रस्त्यात दिसला नाही. तुमच्या मुलाला शाळेजवळच्या टपरीवर सिगारेट मिळत असेल तर तोही गुन्हाच आहे. अठराच्या आतल्याला विकायला बंदी आहे आणि शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायलाच बंदी आहे.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. ‘डॉक्टरकडे गेलो तर पोरावर केस होईल’ ही भीती आम्हालाही होती. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. वापर किंवा थोड्या मालाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कायदाही मानतो की विकणारा वेगळा आणि अडकलेला वेगळा.

आता पंप. इथे ज्यांना गोष्ट माहीत आहे ते हसतायत. बाकीच्यांना सांगतो. मुळा धरणाचं पाणी आपल्याकडे कधी येईल ते नगरकरांना सांगायला नको. त्या उन्हाळ्यात आपल्या लाइनला पाणी पहाटे चारच्या सुमाराला यायचं. वॉचमनकाका गावी गेले होते, मोटर कोणी चालू करायची यावरून कमिटीत वाद सुरू होते. आपले त्या वेळचे सेक्रेटरी काका आमच्याकडे आले. मला वाटलं, तक्रार घेऊन आले. त्याआधी आठ दिवस कोणीतरी त्यांना जाऊन सांगितलं होतं, की त्या पोराला टेरेसवर जाऊ देऊ नका. काका दारात उभे राहून मुलालाच म्हणाले, “तुला रात्री झोप येत नाही म्हणे. मग पहाटे मोटर तू टाकत जा. टाकी भरली की बंद कर. किल्ली घे.” आणि पंपरूमची किल्ली त्याच्या हातात दिली.

त्या दिवशी त्याच्या आईने किल्लीकडे बघितलं आणि आत जाऊन रडली. कारण तीन महिन्यांत आमच्याच घरात त्याच्यापासून सगळ्या किल्ल्या लपवल्या जात होत्या.

पहिल्या आठवड्यात मी चोरून उठून खिडकीतून बघायचो. तो खाली पंपाजवळ बसलेला असायचा. मोटरला धक्का बसायचा, एअर यायची, तो खटपट करायचा. महिनाभरात त्याला त्या मोटरचा आवाज ओळखू यायला लागला. ऑगस्टमध्ये त्याने आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला अॅडमिशन घेतली. ती स्वतःहून घेतली. मी त्याला इंजिनिअर करायचं ठरवलं होतं. ते ठरवणं मला सोडावं लागलं, आणि तेही एक व्यसनच होतं म्हणा ना.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण १२ सप्टेंबर २०१९, अनंत चतुर्दशी. विसर्जन मिरवणुकीत जुनी मंडळी भेटली. रात्री दोन वाजता तो घरी आला आणि मला कळलं. सहा महिने पाण्यात गेले असं वाटलं. माझा हात उठला. खोटं कशाला बोलू, एक बसली. मग त्याची आई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, “तो घरी आलाय ना? मागच्या वेळी असा झाला की घरी येत नव्हता. आज आला.”

ते मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, “सर, तुम्हाला बीपी आहे. गोळी चालू असताना एकदा वाढलं म्हणून तुम्ही उपचार वाया गेले म्हणता का? बीपी, दमा, साखर, यात जितक्या लोकांचं पुन्हा बिघडतं, साधारण तितक्याच लोकांचं व्यसनातही बिघडतं. पाय कुठे घसरला ते शोधू.” आणि त्यांनी त्याच्याबरोबर शोधलं. चार गोष्टी निघाल्या. दिवसभर उपाशी होता. सकाळी माझ्याशी भांडण झालं होतं. आयटीआयमध्ये अजून कोणी मित्र नव्हता. आणि सात तास नाचून थकला होता. भूक, राग, एकटेपणा, थकवा. या चारांतलं काही वाढलं की सावध व्हायचं, असं त्यांनी सांगितलं. ते मला इतकं पटलं, की आजही तो कामावरून आला की मी ‘घेतलीस का’ असं विचारत नाही. ‘जेवलास का’ विचारतो. प्रश्न बदलला, पण काळजी तीच आहे, आणि त्याला उत्तर देताना मान खाली घालावी लागत नाही.

त्याच पहाटे, १३ तारखेला, तो चार वाजता मोटर टाकायला गेला होता. मार खाऊन. हे मला नंतर काकांनी सांगितलं. ते म्हणाले, “डोळे सुजले होते. मी काही विचारलं नाही. चहा दिला.”

काका आज आपल्यात नाहीत. रौप्यमहोत्सवात कितीतरी जणांचे सत्कार झाले, ते योग्यच आहे. पण त्या एका किल्लीचा सत्कार राहिला होता, तो मी आज करतो.

पुढे मार्च २०२०, लॉकडाऊन. सगळे घरात. आम्हाला धास्ती की हा घरात कोंडला तर काय होईल. आपल्याच सोसायटीतल्या मुलांनी याला घेऊन ज्येष्ठांच्या घरी दूध, औषधं पोचवली. आयटीआय पूर्ण झाला, आता नागापूर एमआयडीसीत एका कंपनीत आहे. पाच वर्षं चार महिने झाले. हे मी मोजतो, तो मोजत नाही. तो म्हणतो, “पप्पा, आजचा दिवस गेला की झालं.”

आता थोडक्यात, समोर बसलेल्या आईवडिलांसाठी. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं व्यसनांचं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झालं. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन यांसारखे हुंगण्याचे पदार्थ मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त वापरले जातात, असं त्यात दिसलं. मोठ्यांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के. म्हणजे धोका बारपुरता नाही, स्टेशनरीच्या दुकानापर्यंत आहे. मूल अचानक आंघोळ, जेवण, खेळ सोडायला लागलं, मित्र एकदम बदलले, पैसे जायला लागले, तर झडती घेण्याआधी शेजारी बसा. तुमच्या शंकेत चूक निघाली तर काहीच बिघडणार नाही. फक्त आरोप करू नका. आणि गुपचूप आवरू नका. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. मन बेचैन असेल, मुलाचं किंवा तुमचं, तर १४४१६, टेली मानस. मुलांसाठी १०९८. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं. हे नंबर लिफ्टशेजारच्या बोर्डावर मेंटेनन्सच्या नोटिशीखाली लावायची परवानगी मी चेअरमनसाहेबांकडे मागितली आहे, त्यांनी दिली आहे.

आणि सोसायटी म्हणून एक विनंती. असं एखादं घर आपल्यात आज असेल. पंचवीस वर्षांच्या सोसायटीत, एवढ्या फ्लॅटमध्ये, नसेलच असं कोण म्हणेल? त्या घराबद्दल जिन्यात बोलू नका. तुमच्या मुलांना त्या मुलापासून दूर ठेवावं असं तुम्हाला वाटेल, आणि त्यात तुमची काळजी आहे हे मला मान्य आहे. तुमच्या मुलांवर लक्ष जरूर ठेवा. पण त्या मुलाला एखादी किल्ली द्या. पैशाची नको, तिजोरीची नको. पंपाची द्या, क्रिकेटच्या किटची द्या, गणपतीच्या मंडपाच्या लाइटिंगची द्या. जो रोज खोटा ठरतोय, त्याला कोणीतरी खरं मानलं पाहिजे. आईवडिलांनी मानलं तर त्याला वाटतं, ते मानणारच. शेजाऱ्याने मानलं तर ते वेगळं लागतं.

मुलगा आज इथे समोर बसलेला नाही. त्याला लाज वाटते म्हणून नाही, तर आज त्याची सेकंड शिफ्ट आहे. साडेअकराला येईल आणि खुर्च्या उचलायला थांबेल, असं त्याने सांगितलंय. कोणी भेटलं तर कृपा करून ‘शाब्बास’ म्हणू नका, ती त्याची अट आहे. खुर्च्यांचं एक टोक धरा.

आणि तुमच्यापैकी कोणाला माझ्याशी या विषयावर बोलायचं असेल तर आमचा फ्लॅट तुम्हाला माहीत आहे. रात्री कितीही वाजता बेल वाजवा. आमच्या घरात या विषयाला आता दार लावलेलं नसतं.